एका चेहऱ्यावर दोघे

दुपारी पावणेदोनला बाजाराच्या वळणावर पाण्याच्या टँकरने एका डिलिव्हरीवाल्याला उडवलं. रुग्णवाहिकेतल्या माणसाने रस्त्यावर पडलेला त्याचा फोन उचलला, ॲपवरचं नाव वाचलं आणि सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर तेच सांगितलं.

ते नाव त्याचं नव्हतं. त्याच्या बायकोच्या भावाचं होतं.

त्याचं स्वतःचं खातं उन्हाळ्यातच बंद झालं होतं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत सातव्या मजल्यावर जायला त्याने नकार दिला, गिऱ्हाइकाने तक्रार केली आणि दुसऱ्या दिवशी ॲप उघडेना. दाद मागायची सोय ॲपमध्येच होती. तेव्हापासून दोघे भावाच्या खात्यावर गाडी चालवत. सकाळी भाऊ, दुपारी हा. ॲप मधूनच चेहरा मागायचं. ज्याचं खातं त्याने काही मिनिटांत फोनसमोर तोंड धरायचं, नाहीतर खातं थांबतं. म्हणून भाऊ पाळी संपली तरी घरी जात नसे. पंक्चरच्या दुकानातल्या बाकावर आडवा व्हायचा. चेहरा मागितला की हा गाडी वळवून तिथे यायचा, त्याला हलवून उठवायचा. या धंद्यात याला ‘चेहरा देणं’ म्हणतात. बरेच जण देतात.

पंक्चरवाला याला ‘पाहुणे’ म्हणायचा. “पाहुणे, मजा आहे तुमची. पाय तुमचे, तोंड मेहुण्याचं. शिव्या पडल्या तर त्याला.”

“शाबासकी मिळाली तरी त्यालाच.”

“ती कुणाला मिळालीय इथे?”

त्या दुपारीही ॲपने चेहरा मागितला होता. बाजाराच्या वळणावर तो उलट्या बाजूने घुसला तो त्यासाठीच.

बायको रुग्णालयात पोचली तेव्हा भाऊ आधीच खिडकीपाशी होता. त्याने तिला बाजूला ओढलं.

“अगं, नाव आहे तेच राहू दे. अपघाताचा विमा माझ्या नावावर आहे. खरं सांगितलंस तर विमा गेला, खातंही गेलं. दोन्ही घरच्या चुली विझतील.”

“आणि यांना शुद्ध आली म्हणजे?”

“येऊ दे तर खरं.”

खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, “पेशंट तुमचे कोण?”

“भाऊ,” ती म्हणाली.

संध्याकाळी सर्जन बाहेर आले. डोक्यात रक्त साकळलं होतं, लगेच ऑपरेशन करायला हवं होतं. सहीसाठी त्यांनी पत्नीला बोलवायला सांगितलं.

“मी करते ना सही.”

“तुम्ही बहीण. लग्न झालंय ना त्यांचं?”

“झालंय,” ती म्हणाली.

वहिनी आली ती घरच्या सपातांवरच. जिन्यात तिला सगळं सांगितलं. तिने दोन वेळा विचारलं, तेव्हा कुठे तिला पटलं.

“वन्सं, सही करते मी. पण काही बरंवाईट झालं तर?”

“तसलं बोलू नकोस गं.”

“मी कशाला बोलू? कागद बोलेल. गेला कोण, तर माझा नवरा. मग हे इथे उभे आहेत ते कोण?”

“भूत,” भाऊ म्हणाला.

“अंगाशी आलं की बरे विनोद सुचतात तुम्हाला,” वहिनी म्हणाली आणि वर गेली. नात्याच्या रकान्यात तिने ‘पत्नी’ लिहिलं. त्यात खोटं असं काही नव्हतं. खोटा होता तो खाटेवरचा माणूस.

ऑपरेशन झालं. सकाळी कंपनीच्या माणसाचा फोन आला. विम्यासाठी जखमीचा चेहऱ्यासकट फोटो हवा होता.

“चेहऱ्यावर पट्ट्या आहेत, साहेब.”

“मग मीच उद्या अकरापर्यंत येऊन बघून जातो. आपण कोण?”

“मेहुणा,” भाऊ म्हणाला.

अतिदक्षता विभागात एकाच नातेवाइकाला सोडतात. सिस्टरने पत्नीला आत घेतलं, म्हणजे वहिनीला. बायको काचेच्या दाराबाहेर राहिली.

“नावाने हाक मारा,” सिस्टर म्हणाली. “घरच्यांच्या आवाजाला पेशंट डोळे उघडतात कधीकधी.”

वहिनी खाटेवर वाकली आणि तिने आपल्या नवऱ्याचं नाव घेतलं. सिस्टरने तेच नाव मोठ्याने घेतलं. पापणी हलली नाही.

“घरी काय म्हणता त्यांना? लाडाचं काही?”

वहिनीने काचेकडे पाहिलं. दाराबाहेर बायकोचे ओठ हलत होते. आवाज आत येत नव्हता.

“काही नाही,” वहिनी म्हणाली.

हाकेला प्रतिसाद नाही, असं डॉक्टरांनी संध्याकाळच्या फेरीत सांगितलं. उद्या सकाळीही तसंच राहिलं तर डोकं पुन्हा उघडायचं की नाही ते ठरवावं लागेल, आणि त्यासाठी पत्नीने थांबावं. वहिनी थांबली आहे. डॉक्टर आपल्या खोलीत आहेत, दार उघडं आहे. बायको समोरच्या बाकावर बसली आहे. भावाने तिचं मनगट धरून ठेवलं आहे.