पिंपाभोवतीची फेरी

तिने काच पुढे ढकलली, मागे ओढली, जराशी फिरवली आणि पिंपाभोवती एक पाऊल सरकली. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. दोन जाड काचांच्या मध्ये ओली कुरुंदाची पूड बारीक आवाज करत होती, शेजारच्या खोलीत कुणीतरी धान्य निवडत बसावं तसा. दुपारचं ऊन पिंपाच्या काठावर येऊन थांबलं होतं. बाबा स्टुलावर बसून, डोळे मिटून तो आवाज ऐकत होते.

"घाई करतेयस," ते म्हणाले.

"तुम्ही तर बघतही नाही आहात."

"ऐकतोय ना. हात घाईत असला की काच कुरकुरते."

तिने हात सैल सोडला. शिलाईच्या दुकानात सकाळभर मशीन चालवून आल्यावर ही संथ फेरी तिला झोपेत चालल्यासारखी वाटे. गोल गोल फिरताना खिडकी येई, मग होडी, मग बाबा, मग पुन्हा खिडकी. मनात कसलाही विचार टिकत नसे, आणि ते तिला फार आवडे.

कधीकाळी हे गोदाम होतं. आता दारावर 'सामुदायिक कार्यशाळा' अशी पाटी होती, पण ती वाचायचे कष्ट कुणी घेत नसे. सगळे त्याला खटाटोप म्हणत. घरात जागा नाही, हत्यारं नाहीत किंवा आवाजाने घरचे वैतागतात, अशी मंडळी इथे जमत आणि आपापला खटाटोप करत. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरणाऱ्या किल्लीबाईंचा सगळ्यांवर वचक होता. मधोमध होडीवाले आपली होडी बांधत होते. ती दारापेक्षा रुंद झाली आहे हे कुणालाही दिसत होतं, पण त्यांना तसं सांगायची कुणाची छाती होत नव्हती. लोक त्यांना फक्त रंग कुठला देणार म्हणून विचारत.

बाबा घड्याळजी. सगळी हयात मुंगीएवढ्या चाकांमध्ये गेली. तरुणपणी एकदा कुणीतरी मैदानात दुर्बीण लावली होती, तिच्यातून त्यांनी चंद्र पाहिला होता. नीट बघेपर्यंत मागच्याने खांद्याला धक्का दिला, "चला, आमचाही नंबर आहे." तेवढं दर्शन त्यांना जन्मभर पुरलं, आणि पुरलंही नाही. ती लहान असताना ते तिला झोपवताना राजाराणीऐवजी चंद्रावरचे खड्डेच सांगत. आपली स्वतःची दुर्बीण करायची आणि मागे कुणी घाई करणारा नसताना बघायचं, एवढं एकच त्यांना हवं होतं. दुकान होतं तेव्हा वेळ मिळाला नाही. वेळ मिळाला तेव्हा डोळे जायला लागले.

डोळे कडांकडून जात होते. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मागच्या तपासणीला बाबा हट्टाने एकटेच आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "मधलं आहे तेवढं टिकेल म्हणतात. पण आपण काच उरकून घेऊ." तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. मधलं टिकलेलं असेपर्यंत त्यांना त्यांचा चंद्र दाखवायचा होता.

काच मात्र कुणाच्या जिवाशी घेणंदेणं असल्यासारखी वागत नव्हती. वरची काच खालच्या काचेवर घासत राहायची, की वरची हळूहळू खोलगट होते. तोच पुढे दुर्बिणीचा आरसा. पण एकाच माणसाने घासली तर त्याच्या हाताची खोड काचेत उतरते. कुणी डावीकडे जास्त दाबतो, कुणी उजवीकडे. म्हणून बाबांनी खटाटोपात एक रीत पाडली होती. पिंपाजवळून जो जाईल त्याने हात स्वच्छ धुवायचे आणि एक फेरी मारून पुढे जायचं. एकाची खोड दुसऱ्याने पुसायची. होडीवाले जाता-येता फेरी मारत. किल्लीबाई मारत, पण मारताना काचेला दटावत असल्यासारखा चेहरा करत. आलेल्या पाहुण्यांनाही सूट नव्हती.

भरड पूड झाली, मध्यम झाली, मग पिठासारखी आली. दर वेळी किल्लीबाई सगळं धुऊन घेत. पिंप, बादली, फरशी, नखं.

"भरड पुडीचा एक कण जरी राहिला ना," त्या बजावत, "तर सगळ्यांची मेहनत पाण्यात. डोळ्यांत तेल घालून बघा."

बारीक पुडीचं घासणं संपत आलं होतं त्या दिवशी तिने फेरी सुरू केली. बाबा होडीवाल्यांना घड्याळातल्या केसाएवढ्या स्प्रिंगची गोष्ट सांगत होते. तिने दुमडलेली बाही कोपराकडे सारली, काच ढकलली, आणि आतून एक कोरडी किर्र उमटली. एकदाच. बाबा बोलता बोलता थांबले.

"मग पुढे?" होडीवाल्यांनी विचारलं.

"हां, तर ती स्प्रिंग," बाबा म्हणाले आणि गोष्ट पुढे गेली.

तिने काच उचलून पाण्याखाली धरली. मध्यापासून कडेकडे एक बारीक ओरखडा गेला होता. बाहीची घडी उलगडली तर शिवणीत खरखरीत कण अडकलेले. कित्येक आठवड्यांपूर्वीच्या भरड पुडीचे. जन्म शिवणकामात गेला, पण घडीत काय साठतं ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ओरखडा काढायचा तर पुन्हा भरड पुडीपासून सुरुवात, आणि तेवढा वेळ बाबांच्या डोळ्यांकडे होता की नाही कोण जाणे.

तिने काच तशीच बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीकडे धरली, तिरकी केली, अंगठा अलगद तिच्यावरून फिरवला.

"छान," ते म्हणाले. "आता पॉलिशला घे."

लहानपणी तिने त्यांच्या सदऱ्याचं कापड वेडंवाकडं कापलं होतं. तेव्हाही ते असंच छान म्हणाले होते आणि तो सदरा विटेपर्यंत वापरला होता. मला सांभाळून घेतलं, असं तिला वाटलं. घरी जाऊन तिने आपल्या सगळ्या बाह्यांच्या घड्या उसवल्या आणि कडा मोकळ्या सोडल्या. त्या दिवसापासून धूळ म्हटली की तिला धास्ती वाटू लागली.

मग राळेच्या थरावर लाल पावडरीने पॉलिश झालं. सगळ्यांचे हात, पाण्याचे पेले, किल्लीबाईंच्या किल्ल्यासुद्धा लालसर झाल्या. काच मुलाम्याला गेली आणि चकचकीत होऊन परत आली. होडीच्या उरलेल्या फळ्यांची होडीवाल्यांनी लांब चौकोनी नळी केली.

"माझ्या हातची ही पहिलीच वस्तू, दारातून बाहेर जाणार," नळीला सरस लावताना ते म्हणाले.

तिने दचकून त्यांच्याकडे बघितलं.

"अहो, दार मोजलंय मी. होडीच्या आधी मोजलं होतं. तुम्ही सगळे इतकं जपून बोलता, म्हणून मीही बोलत नाही."

"मग बांधता कशाला?"

"बांधायला आवडतं," ते म्हणाले आणि ब्रश सरसात बुडवला.

नळीच्या तोंडासाठी तिने काळ्या जाड कापडाचं झाकण शिवलं, कडेला घट्ट इलॅस्टिक घालून. काम नसेल तेव्हा ते चढवलंच पाहिजे, असा नियम तिने केला आणि किल्लीबाईंपेक्षा कडक पाळला.

अर्धा चंद्र असलेली एक स्वच्छ संध्याकाळ त्यांनी निवडली. नळी मागच्या अंगणात नेली. आकाश अजून निळं होतं, भिंती सावळ्या होत होत्या आणि अंगणात सगळे आपापलं काम टाकून आले होते. मोठ्याने कुणीच बोलत नव्हतं. नळीचं तोंड वर आभाळाकडे होतं, आणि डोळा लावायचं भिंग नळीच्या बाजूला, माणसाच्या उंचीवर. तिने आधी स्वतः बघून चंद्र मधोमध आणला. चंद्र नुसता आला आहे एवढंच बघितलं आणि डोळा काढला. पहिलं बघणं बाबांचं. त्यांना स्टुलावरून उठवून आणेपर्यंत धूळ जाऊ नये म्हणून तिने सवयीने झाकण चढवलं.

बाबा तिचा दंड धरून आले. तिने त्यांचा हात भिंगावर ठेवला. ते वाकले, डोळा लावला आणि स्तब्ध झाले.

"सावकाश बघा," मागून किल्लीबाई म्हणाल्या. "आम्हाला कुणालाही घाई नाही."

बराच वेळ गेला. एक पाखरू भिंतीवरून उडून गेलं.

"दिसतोय," बाबा म्हणाले.

अंगणात सगळ्यांनी श्वास सोडला.

"उजेड आणि अंधार मिळतात ना, तिथे कड सरळ नाही. दातेरी आहे. खड्डेच खड्डे. एका खड्ड्याच्या तळाशी काळोख आहे आणि मधोमध एक सुळका उभा आहे. आणि हे बघा, पार अंधाराच्या बाजूला, सगळ्यांपासून तुटून, एक ठिपका उजळलाय. डोंगराचं टोक असणार. खाली अजून रात्र आहे, आणि टोकाला ऊन लागलंय."

त्यांचा आवाज तिला झोपवायच्या वेळचा होता. ऐकता ऐकता तिने वर बघितलं, आणि नळीच्या तोंडावर तिला तिच्याच हातचं काळं झाकण दिसलं, घट्ट बसलेलं.

तिला रडू कोसळेल असं वाटलं. मधलं टिकलेलं काहीच नव्हतं. कधीपासून नव्हतं, कोण जाणे. तिने मागे पाहिलं. होडीवाल्यांची नजर झाकणावर होती. त्यांचं तोंड उघडलं होतं आणि किल्लीबाईंनी त्यांचं मनगट धरलं होतं. एकेक करून सगळ्यांना ते दिसलं असावं, कारण अंगणात कुणी हललं नाही. कुणी खोकलं नाही. सगळे चंद्राविषयी ऐकत उभे राहिले.

अखेर बाबा सरळ झाले. तृप्त दिसत होते.

"ये, आता तू बघ."

"आले. जरा सरकलाय, नीट करते," ती म्हणाली. इलॅस्टिकचा आवाज होऊ न देता तिने झाकण काढलं आणि मुठीत चुरगाळून धरलं. नळी किंचित ढकलली. डोळे पुसले आणि वाकली.

चंद्र तिच्या अंगावर आला, इतका जवळ की ती मागे सरायला गेली. कड दातेरी होती. एका खड्ड्याच्या काळोखात सुळका उभा होता. आणि अंधाराच्या बाजूला, सगळ्यांपासून तुटून, एकच ठिपका उजळला होता. बाबांनी सांगितलेलं सगळं जिथल्या तिथे होतं. मैदानातल्या त्या धक्क्यापर्यंत जेवढं मिळालं तेवढं त्यांनी किती जपून ठेवलं होतं. तिचा डोळा पुन्हा भरून आला आणि चंद्र पाण्यात पडल्यासारखा हलला.

बाबा जवळ सरकले. चाचपत त्यांनी तिची बाही धरली. उसवलेल्या कडेवरून त्यांची बोटं हळूहळू फिरली, चाकाचे दाते तपासताना फिरत तशी. मग ते तिच्या कानाशी, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलले.

"तो ओरखडा आड येत नाही ना, बाळा?"

मुठीतलं झाकण तिने अजून घट्ट धरलं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "चंद्र तुम्हाला दिसला तसाच दिसतोय."

त्यांनी मान डोलावली आणि बाही सोडली. मागे होडीवाले दुर्बिणीपर्यंत जायच्या आधी नळावर हात धुवत होते.