तेवीस नंबरचा शर्ट

आमच्या सेंट ओडिलोच्या बेसबॉल संघाला दर दहा वर्षांनी नवे शर्ट येतात. ते मागवताना एक आकडा मागवायचा नाही, असा गावाचा रिवाज आहे. ज्या खेळाडूचा तो आकडा, त्याच्या नावासकट तो मैदानाच्या कुंपणावर रंगवायचा. मग पुन्हा तो कुणी अंगात घालायचा नाही. आजवर तीन आकडे कुंपणावर चढले आहेत: बावीस, चोवीस आणि पंचवीस. तिघेही धिप्पाड फटकेबाज होते. आता तिघेही चर्चमागे शांत झोपले आहेत.

शर्टांचं काम माझ्याकडे आहे. चाळीस वर्षं मीच ते मागवतो, धुतो, उसवले की शिवतो. या सप्टेंबरमध्ये पुन्हा मागवायची वेळ आली, म्हणून रविवारी प्रार्थना आटोपल्यावर आम्ही तिघं मैदानावरच्या सॉसेजच्या टपरीत बसलो. मी, संघाचा मॅनेजर गॉर्डी, आणि टपरी चालवणारी बर्नाडेट. शर्टांचा फॉर्म सोमवारच्या टपालात पडायला हवा होता.

"ट्रेंटचा सतरा," गॉर्डी बसायच्या आधीच म्हणाला. "ह्यात बोलायचं काय आहे? आपल्या गावातून मोठ्या लीगमध्ये गेलेला एकच पोरगा."

"आपल्याकडे तो दोन उन्हाळे खेळला," मी म्हणालो. "रॉश एकवीस उन्हाळे."

"दगडसुद्धा एका जागी एकवीस वर्षं बसतो, अ‍ॅलॉय."

"त्या दगडानेच तुझे चेंडू अडवले. तू पिचर म्हणून चेंडू टाकायचास तेव्हा निम्मे तर मातीतच पडायचे."

बर्नाडेट फिस्सकन हसली आणि गॉर्डीच्या पुढ्यात आणखी एक सॉसेज ठेवलं, तोंड बंद राहावं म्हणून.

रॉश आमचा कॅचर, फलंदाजामागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला म्हणून थांबला. आत्ताही तो समोरच होता, हिवाळ्याआधी कुंपण रंगवत. हे काम त्याला कुणी सांगितलेलं नाही. दरवर्षी तो पंचवीसच्या शेजारची एक फळी कोरी सोडतो. तिच्यावर पांढरा हात देतो, पण शेजारच्या फळ्यांवर असतात तसा हिरवा पट्टा ओढत नाही. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाला, "रंग पुरला नाही." वीस वर्षं त्याचा रंग नेमका तिथेच संपत आलाय.

"ट्रेंटचं नाव लावलं तर बाहेरगावचे लोक बघायला येतील," गॉर्डी म्हणाला. "तुझीच टपरी चालेल, बर्नाडेट."

बर्नाडेट हात पुसत खिडकीतून बघत राहिली. "ट्रेंट गुणी आहे. अजून माझ्या आईला नाताळचं कार्ड पाठवतो. पण इथे आला तेव्हा त्याचा चेंडू कुठे जाईल ते देवालाही ठाऊक नसायचं. रोज संध्याकाळी धान्याच्या कोठारामागे त्याच्यासमोर झेलायला कोण बसायचं? बोट मोडलं होतं तेव्हाही बसला. मोठ्या लीगवाले ट्रेंटचा आकडा ठेवायचा तर ठेवतील. रॉशचा आपण नाही ठेवला तर कोण ठेवणार?"

गॉर्डीने सॉसेज चावलं, गिळलं. "बरं बाई. तेवीस. पण मग ऑस्टेनडॉर्फने काय घालायचं?"

रॉशनंतर तेवीसचा शर्ट ऑस्टेनडॉर्फ घालतो. तो आमचा पहिल्या बेसवरचा खेळाडू, दाराएवढा रुंद. आमच्याकडे आकडा आणि माप हातात हात घालून चालतात. एक नंबरचा शर्ट सगळ्यात लहान, पंचवीसचा सगळ्यात मोठा. वरचे मोठे शर्ट एकेक करून कुंपणावर गेले होते. उरला होता तेवढा तेवीस.

तेवढ्यात रॉश पाणी प्यायला आत आला. आमचे चेहरे बघून थबकला.

"कोण गेलं?"

"कुणी नाही. तुझा तेवीस कुंपणावर चढवतोय," बर्नाडेट म्हणाली.

त्याचे कान लाल झाले. मग त्याने विचारलं, "आणि ऑस्टेनडॉर्फ?"

गॉर्डी माझ्याकडे बघायला लागला, मी बर्नाडेटकडे.

"मग नको," रॉश म्हणाला. "त्याला शर्ट हवा. फळीला शर्ट लागत नाही. ट्रेंटचा सतरा चढवा, तो मधल्या मापाचा आहे." त्याने ग्लास भरला आणि पाणी न पिताच तो खाली ठेवला.

मला राहवेना. मी मागचा फॉर्म बर्नाडेटपुढे सरकवला. "तूच बघ, काही मार्ग निघतो का."

तिने चष्मा चढवला. वाचलं, पुन्हा वाचलं.

"अ‍ॅलॉय, इथे दोन रकाने आहेत."

"असतील."

"एकात आकडा आणि दुसऱ्यात माप. दोन्ही वेगवेगळे भरायचे असतात. दोन नंबरचा शर्टसुद्धा सगळ्यात मोठ्या मापात मिळतो."

"मी जुन्या फॉर्मवरून उतरवून काढतो," मी म्हणालो. "माझ्या आधी फादर अँटनही तसंच करायचे."

"म्हणजे इतकी वर्षं," गॉर्डी म्हणाला, "मला एक नंबर मिळाला म्हणून मी तो टीचभर शर्ट घालत होतो? त्यात हात वर केला की बेंबी दिसायची!"

"तेवढंच तुझं बघण्यासारखं होतं," बर्नाडेट म्हणाली.

रॉश आधी हसला नाही. त्याने फॉर्म हातात घेऊन दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं. वाकडं बोट, कधीच सरळ न जुळलेलं. मग तो इतका हसला की त्याला बाकावर बसावं लागलं, आणि ग्लासातलं पाणी त्याने एका दमात संपवलं.

पुढच्या मे महिन्यात पहिल्या सामन्याच्या सकाळी मी शिडीवर चढून कोऱ्या फळीवर रॉशचं नाव लिहिलं आणि तेवीस रंगवला. शिडी रॉशने धरली होती.

"तीन तिरका झालाय," तो खालून म्हणाला.

"तुझ्या गुडघ्यांपेक्षा सरळ आहे."

"हिरवा पट्टा विसरू नकोस. रंग पुरेल बघ."

दुपारी ऑस्टेनडॉर्फ मैदानात उतरला, आणि त्या भल्यामोठ्या पाठीवर एकटाच दोनचा आकडा, रिकाम्या शेतात एकटी कोंबडी उभी असावी तसा. बायकांच्या बाकावरून हशा उठला. त्याने मागे वळून टोपी उंचावली आणि पहिलाच चेंडू थेट कुंपणावर हाणला, तेवीसच्या बोटभर खाली.

"ओला आहे रे तो अजून!" रॉश उठून ओरडला.