बेचाळीसातून सतरा

“अगं, सोड तिला आता. दगडाला पालवी फुटेल, पण या पोरीला वजाबाकी यायची नाही!”

भाजी निवडता निवडता मी सुनेला बोलले. नेहमीच्याच आवाजात, आणि माझा नेहमीचा आवाज शेजारच्या तीन घरांत ऐकू जातो. सुनेच्या हातातला खडू तिथंच थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. त्यात चार चौकोन होते, चार पोरं. बघता बघता त्यातला एक काळा झाला.

“आई, आवाज चालू होता,” ती एवढंच म्हणाली.

सून प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. साथीत शाळा बंद झाल्या आणि तिचा वर्ग आमच्या स्वयंपाकघरात आला. मुलगा कामाच्या गावी अडकलेला, घरात आम्ही दोघीच. फळा कशाचा, तर माझ्या कपाटाचा. लग्नात आलेलं हिरवं लोखंडी कपाट, पोटच्या पोराला कधी त्याला बोट लावू दिलं नाही, आणि हिनं पहिल्याच दिवशी दारावर पाढे काढले. मी आठ दिवस बडबडले, मग मीच ओलं फडकं हाताशी ठेवायला लागले. उलट्या पातेल्यावर डाळीचा डबा, डब्याला रबरानं बांधलेला मोबाइल. अशी शाळा.

सकाळी सव्वीस पोरं. एक तोंडावर पांघरूण घेऊन बसायचा. एक जण रोज पडलेला दात दाखवायचा, तोच दात, महिनाभर. आणि संध्याकाळी सातला तोच धडा पुन्हा, फक्त चौघांसाठी. त्यांच्या घरातला एकुलता एक मोबाइल बापाबरोबर कामावर जायचा आणि बापाबरोबरच घरी यायचा. ही दुसरी वेळ हिला कुणी लावून दिली नव्हती. हिनंच ओढवून घेतली होती.

सातपर्यंत तिचा घसा फाटलेला असायचा, घोटे सुजलेले.

“बसून शिकव की,” मी म्हणायची.

“मी बसले की पोरं आडवी होतात, आई.”

त्या चौघांतली ती मुलगी. बेचाळीसातून सतरा गेले किती, तर पस्तीस. काड्यांचे गठ्ठे दाखवले, पस्तीस. एक गठ्ठा सोडून दहा काड्या सुट्या करून दाखवल्या, तरी पस्तीस. त्या दिवशी सातव्यांदा पस्तीस म्हणाली तेव्हा सुनेचा आवाज पार बसला होता, आणि तो ऐकून माझी जीभ सुटली.

दुसऱ्या दिवशी तीनच चौकोन उघडले. तिसऱ्या दिवशीही तीन. सून मला एका शब्दानं बोलली नाही. भांडली असती तर मी दोन शब्द ऐकवले असते आणि मोकळी झाले असते. पण ती नुसती हजेरी घ्यायची, त्या मुलीचं नाव पुकारायची, थांबायची आणि पुढचं नाव घ्यायची. त्या थांबण्यानं मला जेवण जाईना.

पाचव्या संध्याकाळी वर्ग संपला. सून कपाट पुसत होती. मी तिचा मोबाइल उचलला.

“त्या मुलीच्या बापाला लावून दे.”

“आई, आता राहू द्या. मी दोनदा बोलले त्यांच्याशी.”

“लाव म्हणते ना.”

तिनं लावून दिला.

“बाईंची सासू बोलतेय. लेकीला द्या जरा.”

“ती नाही बोलायची हो, आजी,” बाप म्हणाला. दमलेला माणूस होता, रागावलेला नव्हता. “मोबाइल दिसला की खाटेखाली जाऊन बसते. जाऊ द्या, यंदा नको शाळा. नाहीतरी घरकामाला हात लागतोय.”

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. दुसऱ्या बापाच्या तोंडून, साठ वर्षांपूर्वी.

“मग मोबाइल खाटेखाली सरकवा.”

“अहो, पण...”

“सरकवा.”

खरखर झाली. मग नुसता श्वास.

“मी आजी. ती ओरडणारी.”

मी मोबाइल तोंडाजवळ धरला.

“बेचाळीसातून सतरा गेले तर मलासुद्धा पस्तीसच यायचे. सातातून दोन काढले, राहिले पाच. चारातून एक, राहिले तीन. झाले की पस्तीस! तुझं तेच माझं. आमच्या बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, हिच्या डोक्यात नुसता भुसा भरलाय.”

“मग?” पहिला शब्द आला.

“मग दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले नाही. ती अजून गेलेली नाही.”

माझ्या मागं फडक्याचा आवाज थांबला. या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, की धाकट्या भावंडांना सांभाळायला मी शाळा सोडली, नाहीतर मीही शिकले असते. नवऱ्याला तेच सांगितलं होतं, मुलाला तेच. आणि सुनेनं पदवीचं नुसतं नाव काढलं, की हेच ऐकवून मी तिला गप्प करायची.

“त्या दिवशी मी बोलले ते चुकलं,” मी म्हणाले. हे शब्द तोंडातून काढायची मला सवय नाही.

पोरगी म्हणाली, “मग तुम्हाला अजून येत नाही?”

“नाही.”

“बाई तर तुमच्या घरातच आहेत.”

मी मोबाइल सुनेच्या हातात दिला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचे उपकार.

दुसऱ्या दिवशी सातला तीन चौकोन उघडले. हजेरी अर्धी झाली आणि चौथा उघडला. त्यात तोंड नव्हतं. छत होतं आणि एक गरगरणारा पंखा. सुनेनं नाव पुकारलं.

“हजर,” पंखा म्हणाला.

“चेहरा दाखव ना, बाळा.”

“असू दे,” मी हळूच म्हणाले. “तिच्या जागी मी असते तर मीही दाखवला नसता.”

मग रोज सातला तो पंखा यायचा. मीही स्टूल ओढून मोबाइलच्या मागं बसायची, काड्यांचे गठ्ठे मांडीवर घेऊन. गठ्ठे बांधायला कुणीतरी लागतंच, असं मी सुनेला सांगितलं होतं.

एका संध्याकाळी हजेरी चालू असतानाच चौकोन काळा झाला, पंख्याची घरघर मंदावली आणि थांबली. सुनेनं त्या मुलीचं नाव घेतलं. थांबली. मीही थांबले.

“बाई, लाइट गेली,” काळोखातून आवाज आला. “पण मी आहे.”

सुनेनं तिच्या नावापुढे ‘ह’ लिहिला. मग कपाटाकडे वळून फाटक्या आवाजात म्हणाली, “बेचाळीसातून सतरा,” आणि मी मांडीवरच्या एका गठ्ठ्याचं रबर काढलं.