दातांच्या डॉक्टरांची खुर्ची

मित्रांनो, मी आपल्या वस्तीच्या सभागृहातली एक जुनी लाकडी खुर्ची आहे. एक पाय कुरकुरतो, पण स्मरणशक्ती शाबूत आहे. सभागृह उभे राहिले तेव्हा दर घराने एकेक खुर्ची दिली आणि तिच्या पाठीवर घरातल्या वडीलधाऱ्याचे नाव रंगवून घेतले. माझ्या पाठीवर दातांच्या डॉक्टरांचे नाव आले. त्यामुळेच की काय, माझ्यावर बसणारा माणूस सभेत सहसा तोंड उघडत नसे.

पुढे जुनी माणसे कमी झाली आणि आम्ही रिकाम्या राहू लागलो. कपड्यांच्या कारखान्यासाठी दूरदेशाहून नवी माणसे आली. ती सभेला येत, पण दारातच उभी राहत. "टेकायलाही तयार नाहीत. एवढा कसला ताठा!" असे जुने लोक म्हणत. मलाही तेच वाटे, खोटे कशाला बोलू?

त्यांच्यात एक शिवणकाम करणारी बाई होती. सभागृहातच दिवसा पाळणाघर चाले. ते पाचला बंद होई आणि कारखाना सुटे सहाला. तिची चार वर्षांची लेक तासभर पायरीवर एकटी बसे. एकदा ती आईला शोधत थेट मोठ्या रस्त्यावर गेली. बसच्या ड्रायव्हरने तिला उचलून परत आणले.

पाळणाघर सातपर्यंत उघडे ठेवावे, असा ठराव दोनदा आला आणि दोनदा पडला. अध्यक्ष फक्त बसलेल्यांचे हात मोजत. दारातले हात वर होत, पण मोजणीत येत नसत.

तिसऱ्या सभेत डॉक्टरांच्या सुनेला राहवेना. ती बाईला म्हणाली, "अगं, ही खुर्ची रिकामीच आहे. बस ना!"

"नको काकू. त्यांचं नाव आहे तिच्यावर. ते आले तर?"

"कोण, मामंजी? अगं, त्यांना जाऊन बारा वर्षं झाली!"

बाई दोन पावले मागे सरली. "मग तर नकोच!"

सगळे सभागृह खो खो हसले. मग हसू ओसरले आणि एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडला. ही माणसे आमच्या पाठीवरची नावे वाचून इतके दिवस उभी होती. ताठा कसला, तो तर मान होता!

सुनेने बाईचा हात धरून तिला माझ्यावर बसवले. "मामंजींना माणसं लागायची गं. बस निवांत." पाठोपाठ बाकीचेही आत आले. ठराव मंजूर झाला. बाईने सुस्कारा सोडला आणि पाठ टेकली. मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

पुढच्या आठवड्यात ती धापा टाकत लेकीला न्यायला आली. लेक चित्र रंगवत होती. मान वर करून म्हणाली, "एवढ्यात आलीस?" आई हसत हसत मटकन माझ्यावरच बसली.

मित्रांनो, दारात कोणी उभे दिसले, तर त्याला आत यायचेच नाही असे ठरवून मोकळे होऊ नका. आधी "या, बसा" म्हणा. मला ते म्हणता येत नाही, तुम्हाला येते.