पालथा ठेवलेला पेला

मित्रांनो, मी एक जुना काचेचा पेला आहे. पोट मोठं, तोंड आत वळलेलं, एकच लांब पाय आणि काठाला नखाएवढा टवका. आपली गोष्ट सांगायला बसलं की आधी कौतुकाचं सांगायची रीत आहे. तसं माझ्याकडेही बरंच आहे, पण खरी सांगण्यासारखी हकिकत एकच आहे आणि ती सांगताना मला लाज वाटते.

माझा जन्म भट्टीतला. एका कारागिराने लोखंडी नळीतून फुंकर घालून माझं पोट फुगवलं आणि चिमट्याने ओढून पाय काढला. तोंड मुद्दाम अरुंद ठेवलं, कारण माझ्यात वाइन ओतायची होती आणि तिचा वास आत साठून राहायला हवा होता. वाइन हा मोठ्यांचा विषय आहे, तेव्हा तुम्ही घोट मागू नका. मलाही कधी मिळाला नाही. जन्मभर ती माझ्या तोंडातून गेली, पण मला जीभच नाही!

द्राक्षमळेवाल्यांनी मिळून चालवलेल्या पारखण्याच्या खोलीत मी कामाला लागलो. लांब टेबल, त्यावर पांढरा कागद, चूळ टाकायला बादली आणि पाच पारखी. त्यांतल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे ‘नाकवाल्या बाई’ म्हणत. त्यांनी मला उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा माझा." झालं! त्या दिवसापासून मी लाडक्या जावयासारखा मिरवू लागलो.

धुणंपुसणं मावशींकडे होतं. त्या साबण लावत नसत. गरम पाण्याने धुवायचं, सुती फडक्याने पुसायचं आणि टेबलावर ठेवण्याआधी रिकाम्या पेल्यात नाक खुपसून वास घ्यायचा, असा त्यांचा नेम होता. मला तो अपमान वाटे. मी एवढा स्वच्छ, आणि माझीच झडती? पुढे मावशींच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि त्या घरी बसल्या, तेव्हा खरं सांगतो, मला बरंच वाटलं.

मग व्यवस्थापकांनी बाईंच्या पेल्यासाठी म्हणून खास कपाट करवलं. बाकीचे पेले उघड्या मांडणीवर सरळ उभे राहिले. मला मात्र धूळ बसू नये म्हणून पुठ्ठा अंथरलेल्या फळीवर पालथं घातलं. पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण तुम्हाला माहीत असेल. पालथ्या पेल्याची म्हण अजून कुणी केलेली नाही, पण करायला हवी. तोंड खाली असलं की पुठ्ठ्याचा आणि कोंडलेल्या हवेचा कुबट वास पोटात शिरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. मला ते जाणवत होतं. पण कपाट नवं होतं, त्याला आरसा होता, आणि मी त्यात स्वतःला बघत बसलो.

त्याच सुमाराला टेकडीवरची ताई आपली पहिली वाइन घेऊन आली. तिच्या वडिलांची जमीन वाऱ्याच्या तोंडी, थंड उतारावर होती. तिथे तिने सिरा नावाच्या काळ्या द्राक्षाच्या वेली लावल्या होत्या. उन्हाच्या मुलखात सिरा लवकर पिकते आणि तिची वाइन जाड, गोडसर, बोलघेवडी होते. थंडीत ती रेंगाळत पिकते. मग तिची वाइन अंगाने बारीक होते. आधी भरडलेल्या काळ्या मिरीचा वास, मग कुठल्याशा जांभळ्या फुलाचा, आणि शेवटी तोंडाला पाणी आणणारा आंबटपणा. ती हळू बोलते, म्हणून तिच्यासाठी खोलीही शांत हवी आणि पेलाही.

वडिलांनी ताईला बजावलं होतं, "पारख्यांनी नाकारली तर वेली उपटायच्या. मी तिथे चारा लावणार." ताई म्हणाली होती, "चालेल, बाबा." सात वर्षांच्या वेली तिने त्या एका सकाळवर पणाला लावल्या होत्या.

त्या सकाळी पहिली वाइन तिचीच होती. मला कपाटातून थेट टेबलावर आणलं. वाइन ओतली गेली. बाईंनी मला फिरवलं, नाक आत घातलं आणि मुरडलं.

"ओला पुठ्ठा," त्या म्हणाल्या. "बिघडली आहे."

बाकीच्या चौघांचे पेले स्वच्छ होते. शेजारच्या मिशीवाल्या पारख्याने तर कागदावर ‘मिरी, सुरेख’ असं लिहिलंही होतं. त्याने बाईंकडे पाहिलं, लिहिलेलं खोडलं आणि म्हणाला, "मलाही जरा तसंच वाटलं." उरलेल्या तिघांनी त्याची री ओढली.

ताई दाराशी उभी होती. "दुसरी बाटली उघडून बघता का?" तिने विचारलं.

"पोरी, माझं नाक वीस वर्षांत चुकलेलं नाही," बाई म्हणाल्या.

पहिल्या वाइनने माझ्या पोटातला कुबटपणा धुऊन नेला होता. त्यामुळे दुसरी वाइन आली ती माझ्यात छान दरवळली आणि पास झाली. लोकांनी माझ्या लकाकीचं कौतुक केलं. मला फुटून जावंसं वाटलं.

महिन्याभराने मावशी सहज भेटायला आल्या. जित्याची खोड! कपाट उघडून त्यांनी मला उचललं आणि नाक खुपसलं. "अगंबाई, ह्याला पुठ्ठ्याचा वास मारतोय! पालथा कुणी घातला?" बाईंनी मला हातात घेतलं, हुंगलं आणि खुर्चीत बसल्या. त्यांना कुठली सकाळ आठवली, ते मला कळलं. त्यांनी मला गरम पाण्याने दोनदा धुतलं, रुमालात गुंडाळलं आणि टेकडीची वाट धरली.

उतार मोकळा होता. वेली मुळांसकट उपटून कडेला रचल्या होत्या. ताई आणि तिचे वडील ढिगाऱ्यापाशी काम करत होते. बाईंनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. "चूक माझी," त्या म्हणाल्या.

ताईने एवढंच विचारलं, "पेला तुमचा वाईट होता. बाकीच्या चौघांचं काय?"

बाईंनी रुमाल सोडून मला ताईच्या हातात दिलं.

नाकारलेली म्हणून सगळी वाइन सामाईक टाकीत ओतून इतरांच्यात मिसळली गेली होती. एक बाटली ताईने घरात ठेवली होती, तिच्या तळाशी थोडी उरली होती. ती आणून तिने माझ्यात ओतली आणि मला वडिलांच्या हातात दिलं. पारख्यांचा निकाल ऐकल्यावर त्यांनी ती कधी चाखलीच नव्हती. त्यांनी वास घेतला, एक घोट घेतला आणि बराच वेळ गिळला नाही.

"ही आपल्या उतारावरची?"

"हो, बाबा."

"अजून आहे?"

"नाही. एवढीच."

ते उपटलेल्या वेलींवर बसले. मला त्यांनी दोन्ही हातांनी धरलं आणि शेवटच्या थेंबासाठी तोंडाशी पालथं केलं. त्यांचा दात माझ्या काठाला लागला आणि टवका उडाला, पण कुणाचंच लक्ष गेलं नाही.

मित्रांनो, आम्हा पेल्यांना सरळ उभं ठेवा, आमची लकाकी बघून भुलू नका. आणि तुमच्या पेल्यात मिरीचा वास येत असेल, तर शेजारचं नाक कितीही मोठं असो, लिहिलेलं खोडू नका. मला बोलता येत नव्हतं. त्या चौघांना येत होतं.