कोरडी भिंत

“बाबा, जेवण निवतंय. बसा ना आता,” लेकीनं मागच्या दारातून हाक मारली.

भिंतवाले बसले नाहीत. मागच्या अंगणात ते भिंतीला तळहात लावून उभे होते. आठवडाभराची झड सकाळीच उघडली होती, भिंतीमागचा चढ पाणी पिऊन टम्म झाला होता, आणि भिंत मात्र कोरडी ठणठणीत. कोणालाही बघून बरं वाटलं असतं. भिंतवाल्यांना वाटलं नाही.

उतारावरची माती अडवणाऱ्या भिंती बांधण्यात त्यांचा जन्म गेला, म्हणून लोक त्यांना भिंतवालेच म्हणत. ही भिंत त्यांनी लेकीच्या लग्नानंतर स्वतः उभी केली होती आणि खालच्या अंगाला नेहमीसारखी ओळीनं भोकं ठेवली होती. नुसत्या मातीचा रेटा भिंत सोसते. पण माती भिजली आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नसली, की पाणीही मातीच्या जोडीनं ढकलायला लागतं. ती भोकं आता दिसत नव्हती.

भोकं लेकीनंच बुजवली, असं जावयांनी कौतुकानं सांगितलं. त्यांतून गढूळ पाणी यायचं, जावयांनी हौसेनं बसवलेल्या फरशीवर चिखल व्हायचा. रांगती नात त्यात घसरली आणि तिची हनुवटी फुटली, तेव्हा लेकीनं थापी हातात घेतली. कारण खोटं नव्हतं. भिंतवाल्यांनी वाकून बोट फिरवलं. सिमेंटचा माल नीट कालवलेला, कडा दाबून घोटलेल्या, कुठं केसभर चीर नाही. लहानपणी त्यांनीच तिला शिकवलं होतं. त्यांना क्षणभर अभिमानच वाटला, आणि लगेच स्वतःचा राग आला.

जेवताना त्यांचं ताटात लक्ष नव्हतं. मागच्या खोलीत, भिंतीच्या अगदी पुढ्यात, नातीचा पाळणा होता. तो पुढच्या खोलीत आणा, असं ते म्हणाले. लेक म्हणाली, आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच काढलं. बाबांना भिंत दिसली की घास उतरत नाही, पुढच्या वेळी त्यांचं पान रस्त्यावरच वाढू, असं जावई म्हणाले. भिंतवालेही हसले, पण हात धुवायला उठले ते थेट हत्यारांच्या पेटीकडे गेले.

लेक दारात आडवी उभी राहिली. “छिन्नी ठेवा, बाबा. इतके दिवस भिंत उभीच आहे ना?”

“पडेपर्यंत सगळ्या भिंती उभ्याच असतात, पोरी.”

“हे असंच तुमचं. लहानपणी आमची अंथरुणं कधी भिंतीला लागू दिली नाहीत. कोणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी खाटा ओढत बसायचात. मला लाज वाटायची. हे माझं घर आहे, बाबा. इथं तरी नका.”

ते वर्मी लागलं. घर तिचं होतं, यात वादच नव्हता. भिंतवाल्यांनी छिन्नी पेटीत टाकून झाकणही लावलं. तेवढ्यात आत नात झोपेत कुरकुरली. त्यांनी झाकण उघडलं, छिन्नी-हातोडा उचलला आणि लेकीला बाजूला सारून ते अंगणात गेले.

पहिलं भोक उघडलं, तर जराशी ओल आली, बस्स. पुढच्यातूनही काही नाही. जावयांनी घसा खाकरला. म्हातारपणी लेकीच्या दारात आपण तमाशा मांडला, असं भिंतवाल्यांना वाटलं, तरी हात थांबेना. कोपऱ्यातल्या भोकावर घाव बसला मात्र, आतला मालाचा गोळा सुटून त्यांच्या गुडघ्यावर आदळला आणि मागोमाग गढूळ पाण्याची मनगटाएवढी धार उसळली. वाळत घातलेली दुपटी, फरशी, त्यांचा सदरा, सगळं मातकट झालं. मग मागची माती सुटून आधीची भोकंही वाहू लागली.

जावई दुपटी गोळा करायला धावले. लेक आत निघून गेली.

पाणी ओसरेना. भिंतवाले तिथंच उभे राहून बघत होते. भिंत खरंच पडली असती का, हे आता कोणालाच कळणार नव्हतं, त्यांनाही नाही. न पडलेल्या भिंतीसाठी आजवर कोणी त्यांची पाठ थोपटली नव्हती, आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलंही नव्हतं. पण लेकीचं असं निघून जाणं सहन होईना. त्यांनी फरशी घासायला झाडू घेतला. जावयांनी तो हातातून काढून घेतला आणि म्हणाले, “असू द्या. आधी सगळं वाहून जाऊ दे.”

निघायची वेळ झाली, तेव्हा ते पाय धुऊन, चपला हातात धरून घरात आले. लेक भांडी घासत होती. तिनं वळून पाहिलं नाही. ते पुढच्या खोलीत गेले आणि थबकले.

टेबल-खुर्च्या कडेला सारून पाळणा खोलीच्या ऐन मधोमध ठेवला होता, चारही भिंतींपासून लांब. नात गाढ झोपली होती.

भिंतवाल्यांनी चपला खाली ठेवल्या आणि ते पाळण्याशेजारी जमिनीवर बसले.