उताण्यांचं तळं

दक्षिणेकडच्या इस्पितळातून इगाला परत आणलं, तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती घरी आली, खिडकीखालच्या पलंगावर पडली आणि टँकरने येणारं पाणी तोंडात घेईना. त्या पाण्याचा चहासुद्धा नको म्हणाली.

"मला उताण्यांच्या तळ्याचं पाणी आणून दे, आई," तिने नुताराला सांगितलं.

नुतारा तिची नात. पण इगाच्या वारलेल्या आईचं नाव नुताराला दिलेलं होतं, म्हणून म्हातारी तिला जन्मापासून आई म्हणायची आणि नुतारा म्हातारीला पोरी म्हणायची. नुताराचा बाप पाउमिक, म्हणजे इगाचा मुलगा, लहर आली की आपल्याच लेकीला आजीबाई म्हणून हाक मारी. नाव ज्याचं, नातंही त्याचंच, यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

नुताराला सातवा महिना लागला होता. बाळाला इगाचं नाव द्यायचं हे तिने मनाशी कधीच धरलं होतं. पण नाव असं परस्पर उचलता येत नाही, ज्याचं आहे त्याने ते द्यावं लागतं. आणि या घराण्यात नाव देताना बाळाच्या ओठांना बोटाने पाणी लावत, तेही त्या एका तळ्याचं. इगाच्या आईचा तंबू वसंतात त्या तळ्याकाठी पडायचा. इगाच्या ओठांना तेच पाणी लागलं होतं, पाउमिकच्या आणि नुताराच्याही.

बापलेक उघड्या, जाड टायरांच्या चारचाकीवरून निघाले. बर्फ विरघळून गेलं होतं, फक्त घळीच्या सावलीत एक मळकट ढीग उरला होता. तंबूचे जुने दगड गोलात तसेच पडलेले होते. त्यांच्यापुढे तळं नव्हतं.

नुतारा खाली उतरली. तळ्याच्या जागी काळा चिखल सुकून भेगाळला होता. एका कडेला जमीन खचून चर पडली होती. जमिनीच्या पोटातलं बर्फ वितळलं, कड सुटली आणि गेल्या शरदातच सगळं पाणी खाली दरीत निघून गेलं होतं. पाउमिकने चरीत पाय घालून पाहिलं आणि टोपी काढली.

"इथे मी पोहायला शिकलो," तो म्हणाला. "म्हणजे बुडायला शिकलो."

मग त्याने शेजारच्या मोठ्या तळ्यातून डबा भरून घेतला.

"बाबा, हे नको."

"आजीबाई, तिच्या जिभेला औषधांपुढे काही कळत नाही आता. पाणी पिऊन समाधानाने झोपेल. तू गप्प बस फक्त."

नुतारा गप्प बसली, आणि वाटभर तिला ते बोचत राहिलं.

इगाने पेला हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. खिडकीच्या उजेडात धरला आणि त्यात पाहत राहिली.

"इथे कोणी राहत नाही," ती म्हणाली.

"स्वच्छ पाणी आहे, आई," पाउमिक म्हणाला.

"स्वच्छ असणारच. मासे आहेत ना त्यात. मासे असतात तिथे उताणे उरत नाहीत, एकूण एक खाल्ले जातात. माझ्या तळ्यात मासा जगत नाही, हिवाळ्यात ते तळापर्यंत गोठतं. म्हणून तर तिथे ते मोठे होतात, लाल होतात." तिने पेला मुलाच्या हातात दिला. "तू लहानपणीही खोटं बोलताना कान खाजवायचास. तळं गेलं ना?"

पाउमिकचा हात कानापाशीच होता. तो खाली आला.

"गेलं," नुतारा म्हणाली.

म्हातारी चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने तोंड भिंतीकडे केलं आणि न वळताच बोलली. "मग नाव कशाने देऊ? कोरड्या ओठांवर ठेवलेलं नाव जन्मभर तहानेलं राहतं. माझं नाव माझ्याबरोबरच जाऊ दे. बाळाला दुसरं कुणाचं तरी बघ, आई."

त्या दिवसापासून ती बर्फाचे खडे चघळायची, तेवढंच. नुतारा समोर बसून शिवण करायची आणि लहानपणचा एक जून तिला सारखा आठवत राहायचा. इगा तिला तळ्याकाठी पोटावर पालथी झोपवायची, हनुवटी पाण्याला टेकेल इतकी. उताणे, म्हणजे बोटाच्या पेराएवढे लाल जीव, पाठीवर पोहत असायचे, अनेक पाय वर करून, पाय पिसांसारखे हलवत. त्यांच्यामध्ये सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके टुणटुण उड्या मारायचे.

"तळापर्यंत गोठलं होतं ना सगळं?" छोट्या नुताराने विचारलं होतं. "मग हे मेले कसे नाहीत?"

"मेले की. सगळे मेले."

"मग हे कोण?"

"तूच सांग."

नुतारा दिवसभर विचार करत राहिली होती. इगाने उत्तर दिलं नाही. संध्याकाळी काठावरचा मूठभर चिखल तिच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "बघ, किती जण आहेत." नुताराला काही दिसलं नव्हतं. इगाने हसून तो चिखल पुन्हा पाण्यात टाकला होता.

नुताराने शिवण खाली ठेवलं. "बाबा, चारचाकी काढा."

तिने तळ्याच्या मधोमध, जिथे पाणी सर्वांत शेवटी आटलं असेल, तिथला चिखल चरबीच्या रिकाम्या डब्यात खरवडून भरला. घरी आणून पांढऱ्या घमेल्यात पसरला, वर पाणी ओतलं आणि घमेलं इगाच्या खिडकीत ठेवलं. पाउमिक दारातून बघत होता.

"पावलांना चिखल लागला तर आम्हाला शिव्या. आता खिडकीत पूजा करून ठेवलाय."

काहीच झालं नाही. पाणी गढूळ होतं, ते निवळलं, तळाशी चिखल बसला. बस. म्हातारी घमेल्याकडे बघायचीही नाही. नुतारा रोज वाकून बघायची आणि पाठ धरून सरळ व्हायची. शेवटी एके सकाळी पलंगावरून आवाज आला.

"पाणी कुठलं घातलंस?"

"नळाचं."

"टँकरचं. औषध घातलेलं." इगाचे डोळे मिटलेलेच होते. "त्या पाण्यात मीही उठले नसते, आई. बर्फाचं घाल. आणि आधी जुनं नीट ओतून टाक, चिखल धू."

नुताराने घमेलं उचललं. इतक्या दिवसांत म्हातारी पहिल्यांदाच काहीतरी मागत होती.

पाउमिक न सांगताच घळीतल्या ढिगाकडे गेला आणि वरचा मळ काढून आतलं शुभ्र बर्फ घेऊन आला. ते चुलीपासून लांब, सावकाश वितळू दिलं. या वेळी इगाने पलंग खिडकीकडे सरकवून घेतला. उत्तरेचा उन्हाळा, रात्रंदिवस ऊन होतंच. ती कुशीवर वळून घमेल्यात बघत पडायची, डोळा लागायचा, जाग यायची, पुन्हा बघायची.

नुतारा भाकरी भाजत होती, तेव्हा हाक आली. मोठी नव्हती.

"आई. इकडे ये. दिवा नको, उन्हाकडे पाठ कर."

पाण्यात धुळीचे कण होते. नुताराने नीट पाहिलं. धूळ खाली बसते, हे कण बसत नव्हते. एक झटका, थांबणं, पुन्हा झटका.

पुढच्या दिवसांत त्यांना पाय फुटले, लाली आली, आणि एका दुपारी त्यांतला एक उलटला आणि पाठीवर पोहायला लागला. इगा हसली. हसताना तिला खोकला आला आणि खोकला संपल्यावर ती पुन्हा हसली.

"थोडं पेल्यात काढून देऊ?" नुताराने विचारलं. "हेच पाणी हवं होतं ना तुला, पोरी?"

"आता मी किती पिणार? त्यांना राहू दे." तिने एक बोट पाण्यात बुडवून आपल्या ओठांना लावलं, मग नुताराचा हात धरून तिला जवळ ओढलं आणि तेच ओलं बोट तिच्या पोटावर टेकवलं. "इगा," ती पोटाला म्हणाली. "तुझी जागा मी गरम ठेवली आहे. घाई करू नकोस, उशीरही नको."

ती त्याच आठवड्यात गेली, खिडकीत ऊन असताना. तिला गावामागच्या टेकडीवर दगडांखाली ठेवलं, तळ्याच्या बाजूला तोंड करून.

बाळंतपणासाठी नुताराला विमानाने दक्षिणेला जावं लागलं. इस्पितळात नाव विचारलं, तेव्हा ती म्हणाली, नाव घरी आहे.

घमेलं बापावर सोपवलेलं होतं. परतायला पहिलं नवं बर्फ पडायची वेळ झाली. पाउमिक धावपट्टीवर आला, नातीकडे एकदाच पाहिलं आणि दोघींना घरी घेऊन आला. घरात शिरल्यावर नुतारा आधी खिडकीपाशी गेली. बहुतेक उताणे संपले होते. दोन-तीन म्हातारे लाल अजून सावकाश फिरत होते, आणि तळाशी चिखलावर बारीक तपकिरी दाणे पडले होते, पुढच्या वसंताची अंडी.

"कुत्र्याने एकदा तोंड घातलं," पाउमिक म्हणाला. "कुत्रा आता बाहेर झोपतो."

त्याने बाळ कुशीत घेतलं, घमेल्यात बोट बुडवलं आणि त्या कोरड्या ओठांवर टेकवलं. बाळाने बोट चोखलं. 

"इगा," तो म्हणाला. मग, अगदी हळू, "या वेळी त्याच तळ्याचं आहे, आई."

नुताराने पाहिलं. त्याचा हात कानाकडे गेला नव्हता.